ट्रकचे भाग बनवणाऱ्या कंपन्या आल्या कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रकच्या तोंडावरचं नाव सगळ्यांना पाठ असतं. खाली वाकून पाहिलं की मात्र अ‍ॅक्सलच्या हौसिंगवर (बाहेरच्या आवरणावर), प्रोपेलर शाफ्टवर (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्यावर), ब्रेकच्या चेंबरवर दुसरीच नावं ओतलेली किंवा ठोकलेली दिसतात. त्या नावांबद्दल लोक जे विचारतात, त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्यामागची गोष्टच तेवढी आहे.

ट्रकची कंपनी सगळे भाग स्वतःच का बनवत नाही?

कारण भाग बनवणारे ट्रकच्या आधीपासून होते. गॉटलीब डाइमलरने १८९६ मध्ये पहिला ट्रक बनवला. त्याचं इंजिन दोन सिलिंडरचं, चार अश्वशक्तीचं होतं आणि तो दीड टन माल वाहायचा. दिसायला ती घोडे सोडलेली मालगाडीच होती, आणि पाटे, चाकं, धुरे हे सगळं बग्गीच्या धंद्यातून आलेलं होतं. त्या धंद्यात कामं आधीच वाटली गेली होती. धुरा करणारा वेगळा, पाटे करणारा वेगळा, चाकं करणारा वेगळा. जर्मनीतल्या वील गावची बीपीडब्ल्यू ही कंपनी १८९८ मध्ये घोडागाड्यांच्या धुऱ्यांसाठी सुरू झाली. आज ती ट्रेलरचे अ‍ॅक्सल बनवते. माल तोच राहिला, पुढे जुंपायचं जनावर तेवढं बदललं.

अमेरिकेत ही वाटणी आजपर्यंत टिकली. तिथे ट्रक घेणारा माणूस इंजिन एका कंपनीचं, गिअरबॉक्स दुसऱ्या कंपनीचा, अ‍ॅक्सल तिसऱ्या कंपनीचा असं निवडून मागवू शकतो. युरोपात स्कॅनियासारख्यांनी इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत बरंच काही स्वतःच्या छताखाली ठेवलं. दोन्ही पद्धती चालल्या. भागांच्या कंपन्यांचा इतिहास मात्र अमेरिकेच्या बाजूला जास्त दाट आहे, म्हणून खालची बरीच उत्तरं तिकडची आहेत.

एखादी कंपनी घेऊन तिचा इतिहास सुरुवातीपासून सांगाल का?

स्पायसर घेऊ या. तिचं काम जवळजवळ प्रत्येक ट्रकच्या पोटाखाली दिसतं.

१९०० च्या आसपासच्या बहुतेक गाड्यांत इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत साखळीने जायची. साखळी उघडी असायची. चिखल, धूळ, खडी सगळं तिच्यात जायचं. सारखं तेल घालावं लागायचं, आवाज मोठा, आणि तुटली की गाडी जागेवर उभी. साखळीच्या जागी फिरणारा दांडा घालावा, हे अनेकांना सुचलं होतं. अडचण अशी की इंजिन चासीला पक्कं बसलेलं असतं आणि मागचा अ‍ॅक्सल पाट्यांवर वरखाली होत असतो. सरळ दांडा त्या दोघांच्या मध्ये टिकणार नाही. त्याला दोन्ही टोकांना वाकणारा सांधा हवा. असा सांधा शेकडो वर्षांपासून माहीत होता. सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकचं नाव त्याला आजही लावतात. पण उघडा सांधा गाडीच्या वेगात आणि धुळीत लवकर झिजायचा.

क्लॅरेन्स स्पायसर हा कॉर्नेल विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकत होता. त्याने सांधा बंद आवरणात घेतला, म्हणजे आतलं वंगण आत राहील आणि बाहेरची घाण बाहेर. १९०३ च्या मे महिन्यात त्याला पेटंट मिळालं. १९०४ मध्ये त्याने कॉर्नेल सोडलं आणि न्यू जर्सीतल्या प्लेनफील्डला एका छपाईयंत्रांच्या कारखान्यात थोडी जागा घेऊन सांधे बनवायला सुरुवात केली. १९०५ मध्ये कंपनी रीतसर नोंदली गेली.

माल खपत होता, पण पैसा पुरत नव्हता. ऑर्डर वाढतात, यंत्रं घ्यावी लागतात, कच्च्या मालाचे पैसे आधी द्यावे लागतात आणि गिऱ्हाईक नंतर देतं. हे दुखणं सुट्या भागांच्या धंद्यात आजही तसंच आहे. १९१४ मध्ये चार्ल्स डेना कंपनीत आला. हा वकील होता आणि न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळातही बसलेला होता. १९१६ मध्ये तो अध्यक्ष झाला. शोध स्पायसरचा, कंपनी उभी राहिली डेनामुळे. माझ्या मते दोघांचं श्रेय सारखं आहे, पण डेनाच्या वाट्याची गोष्ट फार कमी सांगितली जाते.

डेनाने शेजारचे भाग बनवणारे कारखाने घ्यायला सुरुवात केली. १९१९ च्या सुमारास सॅलिसबरी अ‍ॅक्सल आले आणि चासीच्या दाबीव पोलादी फ्रेम बनवणारी पॅरिशही आली. आता शाफ्टच्या मागचा अ‍ॅक्सल आणि वरची फ्रेमही घरची झाली. विसाच्या दशकाच्या अखेरीस कंपनी ओहायोतल्या टोलीडोला गेली. मोटारींचे मोठे कारखाने त्या पट्ट्यात होते, आणि जड लोखंडी माल दुरून पाठवणं परवडत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचे अ‍ॅक्सल आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) स्पायसरचे होते. १९४६ मध्ये कंपनीचं नाव डेना कॉर्पोरेशन झालं. स्पायसर तोवर गेलेला होता, पण त्याचं नाव मालावर तसंच ठेवलं गेलं.

२००६ मध्ये डेनाने दिवाळखोरीच्या कायद्याचं संरक्षण मागितलं आणि २००८ मध्ये ती त्यातून बाहेर आली. मधल्या काळातही शाफ्ट आणि जॉइंट बनत राहिले.

प्रोपेलर शाफ्टवर बाणाच्या खुणा कशासाठी असतात?

हा प्रश्न इतिहासाचा वाटत नाही, पण आहे. क्रॉसच्या जॉइंटमध्ये, म्हणजे मध्ये अधिकच्या चिन्हासारखा तुकडा असलेल्या त्याच वाकणाऱ्या सांध्यात, एक मूळचा दोष आहे. दांडा वाकलेल्या कोनात फिरत असेल तर एकीकडून एकसारखी गती दिली तरी दुसरीकडे ती एका फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते. शाफ्टच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतील, त्यांचे कोन सारखे असतील आणि दोन्ही योक (क्रॉसला धरणारे दुबेळके) एकाच रेषेत बसवलेले असतील, तर पहिल्याने केलेली चूक दुसरा पुसून टाकतो. शाफ्टवर पुढेमागे सरकणारा स्लिप योक काढून बसवताना ती रेष चुकू नये म्हणून बाण असतात. चुकली तर गाडी थरथरते, आणि आधी क्रॉस, मग सेंटर बेअरिंग आणि गिअरबॉक्सचं मागचं बेअरिंग खराब होतं. बाण पुसट झाले असतील तर उघडण्याआधी छिन्नीने खूण करून घ्या.

टेपर बेअरिंग कोणी आणलं?

हेन्री टिमकेन हा अमेरिकेतल्या सेंट लुईसचा बग्ग्या बनवणारा. सरळ जाताना चाकावर वजन वरून येतं, पण वळताना बाजूने रेटा येतो. साध्या रोलर बेअरिंगला तो बाजूचा रेटा झेपत नाही. त्याने रोलर निमुळते केले आणि तिरपे बसवले, म्हणजे एकच बेअरिंग दोन्ही रेटे पेलतं. पेटंट १८९८ चं आहे. कंपनी पुढच्याच वर्षी निघाली आणि लवकरच ओहायोतल्या कँटनला गेली, कारण पोलादाचे आणि मोटारीचे कारखाने तिकडून जवळ होते. मोटारींसाठी शोधलेली वस्तू वाटते, पण ती घोडागाडीच्या चाकासाठी होती.

एकाच भागावर वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कंपन्यांची नावं का सापडतात?

खरेदी-विक्रीमुळे. ही उदाहरणं वाचताना कागदावर रेषा मारत गेलात तर सोपं जाईल.

ईटन : १९११ मध्ये जोसेफ ईटनने व्हिगो टॉर्बेन्सनच्या ट्रक अ‍ॅक्सलवर पैसा लावला आणि न्यू जर्सीत टॉर्बेन्सन कंपनी सुरू झाली. पहिल्या वर्षी हाताने बनवलेले सातच अ‍ॅक्सल बाहेर पडले. पुढे कंपनी क्लीव्हलँडला गेली. १९१७ मध्ये तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असलेल्या रिपब्लिक मोटर ट्रकने तीच विकत घेतली. ईटनने १९१९ मध्ये स्वतःच्या नावाची अ‍ॅक्सल कंपनी काढली आणि १९२२ मध्ये टॉर्बेन्सन परत घेतली. १९५८ मध्ये गिअरबॉक्स बनवणारी कॅलमझूची फुलर कंपनी ईटनमध्ये आली, म्हणून गिअरबॉक्सवर ‘ईटन फुलर’ दिसतं. १९९८ मध्ये ईटनने आपला जड अ‍ॅक्सलचा धंदा डेनाला विकला. म्हणजे ज्या वस्तूपासून कंपनी सुरू झाली तीच तिने सोडली.

टिमकेन-डेट्रॉइट : टिमकेनच्या अ‍ॅक्सलच्या कामाची ही वेगळी कंपनी १९०९ ची. १९५३ मध्ये ती पाटे बनवणाऱ्या स्टँडर्ड स्टील स्प्रिंगशी जोडली जाऊन रॉकवेल झाली, मग मेरिटर, मध्ये काही वर्षं आर्विनमेरिटर, परत मेरिटर, आणि २०२२ मध्ये इंजिनवाल्या कमिन्सने ती घेतली.

जुन्या हौसिंगवर टिमकेन किंवा रॉकवेल लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. त्याचा वंश चालू आहे.

झेडएफ म्हणजे काय?

त्सानराडफाब्रिक, म्हणजे दातेरी चाकांचा कारखाना. १९१५ मध्ये जर्मनीतल्या फ्रीडरिक्सहाफेनला तो झेपेलिनच्या हवाई जहाजांसाठी गिअर बनवायला निघाला. पुढे त्याच कौशल्यावर ट्रकचे गिअरबॉक्स बनू लागले.

एअर ब्रेकचा इतिहास रेल्वेतून आला, हे खरं आहे का?

हो, आणि त्यातली मुख्य कल्पनाही रेल्वेचीच. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ मध्ये रेल्वेसाठी हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. पहिल्या पद्धतीत हवा गेली की ब्रेक लागायचा. म्हणजे नळी फुटली किंवा डबा सुटला तर ब्रेकच नाही. १८७२ मध्ये त्याने हे उलटं केलं. नळीत दाब असेल तोवर ब्रेक मोकळा, दाब गेला की प्रत्येक डब्याच्या टाकीतली हवा आपोआप ब्रेक लावणार.

ट्रकवर हवेचे ब्रेक विसाच्या दशकात आले. जर्मनीत १९०५ पासून रेल्वेचे ब्रेक बनवणाऱ्या क्नोर-ब्रेमझने ते ट्रकसाठी केले. अमेरिकेत १९३० मध्ये बेंडिक्स-वेस्टिंगहाउस ही कंपनी याच कामासाठी निघाली. उलट्या विचाराची ती गोष्ट ट्रकमध्ये स्प्रिंग ब्रेकच्या रूपाने पक्की झाली. मागच्या चेंबरमध्ये जाड स्प्रिंग दाबून धरलेली असते, तिला हवा रोखून धरते. हवा संपली की स्प्रिंग सुटते आणि चाकं धरली जातात. म्हणूनच रात्रभर उभ्या ट्रकची टाकी रिकामी झाली तर सकाळी इंजिन चालू करून दाब भरेपर्यंत गाडी हलत नाही. तो बिघाड नव्हे, तेच त्याचं काम आहे. आणि याच कारणाने तो चेंबर अंदाजाने उघडू नये. आतल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतका जोर असतो. तिला आधी पिंजऱ्याच्या बोल्टने आवळून बांधावं लागतं, आणि बहुतेक चेंबरचा तो भाग तर उघडण्यासाठी बनवलेलाच नसतो. अख्खा बदलतात.

नावांचं म्हणाल तर बेंडिक्सचा ट्रक ब्रेकचा धंदा आता क्नोर-ब्रेमझकडे आहे, आणि वेस्टिंगहाउसच्या नावातून आलेली वॅबको २०२० मध्ये झेडएफने घेतली.

ट्रेलर पहिल्यांदा कोणी बनवला? आणि ‘फिफ्थ व्हील’ हे नाव का?

१९१४ मध्ये डेट्रॉइटच्या फ्रेडरिक सिबली नावाच्या लाकूड व्यापाऱ्याला आपली बोट मिशिगनच्या वरच्या भागातल्या तळ्यावर न्यायची होती. तो ऑगस्ट फ्रूहॉफ या लोहाराकडे गेला. फ्रूहॉफने फोर्डच्या मोटारीला मागून जोडता येईल अशी गाडी बनवली. तिला पुढची चाकं नव्हती, पुढचा भार मोटारच उचलायची. त्याने तिला सेमी-ट्रेलर म्हटलं. बोट पोचल्यावर सिबलीने लाकडासाठी तशाच गाड्या मागवल्या, आणि १९१८ मध्ये फ्रूहॉफ ट्रेलर कंपनी उभी राहिली. पुढे ती जगातल्या मोठ्या ट्रेलर कंपन्यांत गणली गेली. १९९६ मध्ये बुडाली आणि तिची मालमत्ता वाबाश या दुसऱ्या ट्रेलर कंपनीने घेतली.

फिफ्थ व्हील हे नाव घोडागाडीतलं. चार चाकांच्या गाडीचा पुढचा धुरा वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवी लोखंडी कडी असायची, तेच पाचवं चाक. ट्रकवर त्या जागी ग्रीस लावलेली पोलादी थाळी आली, नाव मात्र टिकलं. तिच्यात अडकणाऱ्या किंगपिनचं (ट्रेलरच्या पुढच्या टोकाखालच्या जाड खिळीचं) माप ठरलेलं आहे: दोन इंची, किंवा जास्त वजनासाठी साडेतीन इंची. त्यामुळेच एका कंपनीचा ट्रेलर दुसऱ्या कंपनीच्या घोड्याला, म्हणजे पुढच्या ओढणाऱ्या ट्रकला, लागतो.

टिपर, क्रेन, टोइंग यांच्या कंपन्या वेगळ्या का असतात?

कारण त्या चासीवर बसवायच्या वस्तू आहेत आणि त्यांचं दुखणं वेगळं आहे. गार्फील्ड वुडने १९१० च्या दशकात कोळशाच्या ट्रकसाठी हायड्रॉलिक हॉइस्ट (हौदा उचलून माल ओतणारं यंत्र) केला. त्याआधी माल उतरवायला हौदा हाताने दांडा फिरवून उचलावा लागायचा. त्या पैशावर तो बोटींच्या शर्यतीत उतरला आणि १९३१ मध्ये पाण्यावर ताशी शंभर मैलांचा वेग ओलांडणारा पहिला माणूस ठरला.

स्वीडनमधल्या हुडिक्सवालचा एरिक सुंदीन स्की बनवायचा. ट्रकच्या इंजिनावरच हायड्रॉलिक पंप चालवून माल उचलता येईल, हे त्याच्या लक्षात आलं. १९४४ मध्ये त्याने हियाब काढली. आता तिकडे ट्रकवरच्या कुठल्याही क्रेनला लोक हियाबच म्हणतात.

टेनेसी राज्यातल्या चॅटनूगाचा अर्नेस्ट होम्स गॅरेज चालवायचा. १९१६ मध्ये ओढ्यात पडलेली ओळखीच्या माणसाची मोटार बाहेर काढायला दोर, ओंडके आणि पुष्कळ माणसं लागली. त्यानंतर त्याने गाडीवर बसवायची क्रेन बनवली आणि तिचा कारखाना काढला. टोइंगच्या धंद्याचं संग्रहालय आज त्याच शहरात आहे.

युद्धांचा या कंपन्यांवर काय परिणाम झाला?

मापं एकसारखी झाली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराकडे इतक्या कंपन्यांचे ट्रक होते की सुटे भाग पुरवणं अशक्य झालं. १९१७ मध्ये मोटार इंजिनिअरांच्या संस्थेच्या मदतीने एकच नमुना ठरवला गेला, तो लिबर्टी ट्रक. वेगवेगळे कारखाने भाग बनवत, दुसरे कारखाने जोडत, आणि कुठलाही भाग कुठल्याही गाडीला बसत असे. दुसऱ्या महायुद्धातला जीएमसीचा अडीच टनी सहाचाकी ट्रक पाच लाखांहून जास्त बनला. त्याचे अ‍ॅक्सल दोन ठिकाणांहून यायचे, टिमकेन-डेट्रॉइटचे ‘स्प्लिट’ आणि जनरल मोटर्सचे ‘बँजो’. हौसिंगचा आकार पाहिला की कुठला ते ओळखू येतं.

ट्रक सोडून फक्त भाग बनवायला लागलेली कंपनी आहे का?

हेन्ड्रिक्सन. मॅग्नस हेन्ड्रिक्सनने १९१३ मध्ये शिकागोत ट्रक बनवायला सुरुवात केली. १९२६ मध्ये कंपनीने दोन मागच्या अ‍ॅक्सलसाठी वॉकिंग बीम आणला. दोन्ही अ‍ॅक्सल एका आडव्या दांड्याच्या टोकांना, आणि दांडा मध्यावर टेकलेला. पुढचं चाक खड्ड्यात किंवा दगडावर गेलं तरी चासी त्याच्या निम्मीच हलते आणि चारही चाकांवर भार टिकून राहतो. इतर ट्रकवाल्यांनाही तो हवा झाला. हळूहळू ट्रक मागे पडले, सस्पेन्शन पुढे गेलं.

इंजिन ब्रेक कोणी शोधला?

कमिन्स इंजिन कंपनीचा संस्थापक क्लेसी कमिन्स १९३१ मध्ये डिझेल ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाला होता. कॅलिफोर्नियात कॅहोन घाट उतरताना ब्रेक तापून निकामी झाले. खाली फाटकातून मालगाडी जात होती. तिचा शेवटचा डबा सरकला आणि ट्रक थोडक्यात पार झाला. ती गोष्ट त्याच्या डोक्यातून गेली नाही. निवृत्तीनंतर त्याने इंजिनाच्या झडपांची वेळ बदलून, दाबलेली हवा ऐनवेळी सोडून देऊन इंजिनालाच ब्रेक करण्याची पद्धत बसवली. ती बनवायला घेतली जेकब्जने, जी तोवर ड्रिलचे चक बनवायची. १९६१ पासून तो विकला जाऊ लागला. या सगळ्या इतिहासातली मला सगळ्यात जवळची गोष्ट हीच, कारण तीस वर्षं एका घाटाची आठवण धरून कोणीतरी पुढच्या चालकांसाठी काम केलं.

ओरिजिनल, ओईएम आणि आफ्टरमार्केट यात फरक काय?

ओरिजिनल म्हणजे ट्रक कंपनीच्या डब्यात मिळतो तो. ओईएम म्हणजे तोच भाग ज्या कारखान्यात बनतो त्याच्या स्वतःच्या डब्यात. आफ्टरमार्केट म्हणजे तिसऱ्याने त्याच मापाने बनवलेला. तिसऱ्यांतही उत्तम माल असतो. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या भागांत मात्र डब्यावरचं नाव आणि नंबर तपासल्याशिवाय घेऊ नये.

बंद पडलेल्या किंवा विकल्या गेलेल्या कंपनीचा भाग आज कसा शोधायचा?

आधी भागावरचा ओतीव किंवा ठोकलेला नंबर घासून साफ करा आणि फोटो काढा. हौसिंगवर पत्र्याची पट्टी असेल तर तिच्यावर मॉडेल आणि रेशो (गिअरच्या दातांचं प्रमाण) दोन्ही असतात. मग वर दिल्याप्रमाणे आजचा मालक कोण ते पाहा. त्याच्या कॅटलॉगमध्ये जुने नंबर नव्या नंबरांशी जोडलेले असतात.

नंबर गेलाच असेल तर माप घ्या. जॉइंट क्रॉससाठी तीन गोष्टी लागतात: कपचा व्यास, समोरासमोरच्या दोन कपांच्या बाहेरच्या टोकांमधलं अंतर, आणि लॉक कपाच्या आतून आहे की बाहेरून. या तीन मापांवरून दुकानदार तुम्हाला १४१०, १६१०, १७१० किंवा १८१० असा सिरीजचा आकडा सांगेल. हे आकडे स्पायसरने आपल्या जॉइंटना दिलेले, आणि आता इतर कंपन्यांच्या डब्यांवरही तेच छापलेले असतात.